कोथिंबीर आणायला गेलेल्या विमलताईंना

विमलताई,

अखेर जाऊन आले.

सहा हिवाळे तुम्ही मागे लागला होतात आणि सहाही हिवाळे मी काही ना काही काढलं. गुडघे, मोतीबिंदू, जुईची परीक्षा, गाजरं किसायची आहेत. एकदा तर "त्या रस्त्यावर माकडं फार," असंही म्हणून पाहिलं. तुम्ही चष्म्यावरून माझ्याकडे बघितलंत. "हो बाई, घाबरतील बिचारी." तो हिवाळा तिथेच संपला.

आता गेले, तर तुम्ही नव्हतात. चौदाव्याचं गोड जेवण झालं, पाहुणे आपापल्या गाड्यांनी परतले आणि राइट टाउनच्या या घरात तुमची वेताची खुर्ची आणि मी समोरासमोर उरलो. दोन दिवस मी खुर्चीशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी नातीला म्हटलं, "जुई, गाडी काढ. किल्ल्याच्या गावी जायचंय."

"आजी, अभी? इतनी ठंड में?"

"आत्ताच. नाहीतर मी परत गाजरं किसायला बसेन."

आपल्या मराठी महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाईंनी अंकासाठी तुमच्यावर दोन पानं मागितली आहेत. "काकू, जन्म, शिक्षण, नोकरी, छंद, असं सगळं येऊ द्या न." मी हो म्हटलं. पण ते सगळं तुमच्या शाळेच्या रजिस्टरात आहे, ज्याला हवं त्याने बघावं. मला तुमच्याशी बोलायचंय, आणि चार लोकांच्या देखत बोलायचंय, कारण गुन्हाही चार लोकांच्या देखतच केला होता. मंडळातल्या नव्या सुनांना काही ठाऊक नसेल, म्हणून मधूनमधून त्यांना सांगत जाईन. तुम्ही तेवढं ऐकून घ्या.

तर सुनांनो, विमलताई माझ्या थोरल्या नणंद. मी लग्न होऊन जबलपूरला आले तेव्हा मी बावीसची, त्या अठ्ठावीसच्या. शाळेत शिकवायच्या, सायकल चालवायच्या आणि लग्न झालेलं नव्हतं. मी नागपूरची. नागपूर म्हणजे जशी काही मराठीची राजधानी, अशा थाटात मी या घरात पाऊल टाकलं. इथली मराठी ऐकून नाक मुरडायची. सासूबाई "काहून करून राहिली?" म्हणाल्या की मनात 'का करते आहेस?' अशी दुरुस्ती करायची. म्हणजे नागपुरात आमच्या घरी सगळे हेच बोलायचे, ते विसरून. सुलेखनात तीन बक्षिसं मिळाली होती आणि ती तिन्ही प्रशस्तिपत्रकं मी सासरी सोबत आणली होती. कोणी विचारलं नाही तरी दाखवायची. त्या बावीस वर्षांच्या मंदाला आज भेटले तर एक चिमटा काढीन, जोरात.

तेव्हा मंडळाचा अंक छापला जात नसे. दिवाळीआधी बायका आपापलं लिखाण आणून द्यायच्या. पाककृती, कविता, काशीयात्रेचं वर्णन, काय वाटेल ते. जिचं अक्षर चांगलं ती ते सगळं एका जाड वहीत शाईने उतरवून काढायची. एकच प्रत. मग ती वही वर्षभर घरोघर फिरायची, प्रत्येक घरी चार दिवस, आणि शेवटच्या कोऱ्या पानांवर वाचणारीने अभिप्राय लिहून सही करायची. कच्चे कागद मात्र ठेवायचे नाहीत. सरस्वती पायाखाली येऊ नये म्हणून त्यांचा गठ्ठा ग्वारीघाटावर नेऊन नर्मदेत सोडायचा. त्यामुळे वहीत उतरलं तेच राहायचं. आधी काय होतं ते एक नर्मदा जाणे.

त्या वर्षी उतरवणारी मी होते. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

तुमची गोष्ट सात पानांची होती, विमलताई. एका मुलीला बघायला पाहुणे आलेत. पोह्यांवर घालायला कोथिंबीर नाही, म्हणून आई तिलाच घाईघाईने बाजारात पिटाळते. मुलगी कोथिंबीर घेते आणि घराकडे वळायच्या ऐवजी स्टेशनकडे वळते. पुढे काय होतं ते सातव्या पानावर होतं. मी सहा पानं झरझर उतरवली. आवडत होती मला गोष्ट, खरं सांगते. सातवं पान वाचलं आणि हातातला टाक खाली ठेवला.

अगं बाई, म्हटलं, ही परत येतच नाही!

त्याच महिन्यात तुमच्यासाठी भोपाळचं एक स्थळ आलं होतं. मुलाची मावशी इथेच जबलपुरात, सदरला राहायची आणि आपल्याच मंडळात होती. वही फिरत फिरत सदरच्या घरांमध्येही जायची. म्हणजे मावशी वाचणार. मग म्हणणार, ज्या मुलीच्या डोक्यात असलं शिजतं ती आमच्या घरी कशाला? घराण्याची अब्रू, सासूबाईंचं ब्लडप्रेशर, तुमचं व्हायचं राहिलेलं लग्न, सगळं माझ्या टाकाच्या टोकावर येऊन बसलं. मला वाटलं, मी तुम्हाला वाचवते आहे. विचारायला फक्त स्वयंपाकघर ओलांडायचं होतं. तुम्ही तिकडे तांदूळ निवडत होतात. मी विचारलं नाही.

आणि मी तिला घरी आणली. माझा शेवट मला अजून पाठ आहे. "इतक्यात तिला देवघरातली समई आठवली. आई वाट बघत असेल या विचाराने तिचे डोळे पाणावले. ती झपझप घरी परतली. कोथिंबीर आईच्या हाती देताना आईचेही डोळे पाणावले." मी त्या काळी ज्याचे त्याचे डोळे पाणवायची. आणखी दोन ओळी मिळाल्या असत्या तर बघायला आलेल्या पाहुण्यांचेही पाणावले असते.

अंकाच्या समारंभात अध्यक्षबाईंनी तुमचीच गोष्ट मोठ्याने वाचायला घेतली. तुम्ही दुसऱ्या रांगेत, मी तुमच्या मागे. शेवट आला तेव्हा मी तुमच्या मानेकडे बघत होते. मान हलली नाही. टाळ्या पडल्या. "किती संस्कारी शेवट!" अध्यक्षबाई म्हणाल्या. पहिलं बक्षीस, स्टीलचा मोठा डबा. तुम्ही उठलात, तो घेतलात, नमस्कार केलात. त्या हॉलमध्ये तुम्ही एक वाक्य बोलला असतात तर मी तिथेच संपले असते. बोलला नाहीत.

घरी आल्यावर डबा ओट्यावर ठेवलात आणि मला विचारलंत, "मंदा, शेवट कोणी बदलला ग?"

"कोणता शेवट?"

"माझ्या गोष्टीचा."

"मी तर शब्दशः उतरवलं, ताई. तुम्हीच तसं लिहिलं होतं."

"मी?"

"हो न. कच्चे कागद असते तर दाखवलेच असते."

कागद चार दिवसांपूर्वी नर्मदेत गेले होते, दोघींना ठाऊक होतं. तुम्ही डब्याचं झाकण उघडलंत. मग म्हणालात, "अच्छा." एवढंच. आणि त्या डब्यात तूरडाळ भरायला घेतलीत.

भोपाळचा मुलगा महिनाभराने बघायला आला. मुलाने विचारलं, "स्वयंपाक येतो का?" तुम्ही म्हणालात, "येतो. तुम्हाला?" तो म्हणाला, "आई आहे न." "मग चांगलं चाललंय की तुमचं," म्हणून तुम्ही पोह्यांच्या बशा उचलल्यात. त्याचे पोहे अजून संपायचे होते. मावशींनी नंतर कधी त्याचं काही मनावर घेतल्याचं दिसलं नाही. म्हणजे ज्या लग्नासाठी मी एवढा पराक्रम केला ते तुम्हाला मुळातच नको होतं.

पण त्यानंतर तुम्ही गोष्ट लिहिली नाहीत. पुढच्या वर्षी मंडळाच्या बायका मागायला आल्या, तुम्ही म्हणालात, "सुचत नाही." त्याच्या पुढच्या वर्षी तेच. मग त्यांनी मागणं सोडलं. मी दर वर्षी दाराआडून ऐकायची आणि मनाला समजवायची, शाळेचं काम वाढलंय, वह्या तपासायच्या असतात, खरंच सुचत नसेल. चौदाव्यानंतरच्या त्या दोन अबोल दिवसांत मी तुमचं कपाट उपसलं. सगळ्यांना सांगितलं, साड्या वाटायच्या आहेत. साड्या कसल्या, मी गोष्टी शोधत होते. वाटलं, लपवून लिहिल्या असतील, एखादी वही निघेल, आणि माझ्यावरचं ओझं थोडं उतरेल. पेन्शनचे कागद निघाले, हजेरीचा एक जुना पट निघाला, शाळेतल्या मुलींनी दिलेली, राखेच्या रंगाची झालेली शुभेच्छापत्रं निघाली. गोष्ट एकही नाही. तुम्ही खरोखरच थांबला होतात.

आता एक गोष्ट तुम्हालाही ठाऊक नाही. नर्मदेत सहाच पानं गेली. सातवं हातातून सुटेना. पश्चात्ताप वगैरे काही नव्हता हो, तेवढी अक्कल कुठली. भीती वाटली. म्हटलं, ही नदी वाचेल. मंडळाच्या बायकांना फसवणं वेगळं, नर्मदेला कसं फसवायचं? ते पान मी पदराआड घरी आणलं आणि ट्रंकेत तळाच्या वर्तमानपत्राखाली ठेवून दिलं. वरून माझा शालू. पन्नास वर्षं तो शालू मी नेसले नाही. तुम्ही विचारायचात, "काहून नाही नेसत ग?" मी म्हणायची, जड होतो.

तुम्ही माझा सूड मात्र छान घेतलात. भांडला नाहीत, अबोला धरला नाहीत. फक्त घरातून कुठेही निघालात, शाळेत, बँकेत, दवाखान्यात, की दारातून सांगायचात, "मंदा, कोथिंबीर आणायला चालले ग." आणि मी आतून म्हणायची, "लवकर या." घरातल्या सगळ्यांना ती तुमची गंमत वाटायची. तुमच्या भावाला तर शेवटपर्यंत कळलं नाही. "विमलला कोथिंबिरीचं एवढं काय वेड आहे?" ते विचारायचे. मी म्हणायची, "तब्येतीला चांगली असते."

तुमचे भाऊ गेले, मुलगा नोकरीसाठी बाहेर गेला, जुई शिकायला इथे आली आणि आपण दोघी म्हाताऱ्या शब्दकोड्यावरून भांडत बसलो. मग सहा वर्षांपूर्वी कोणाचा तरी फोन आला. मंडळाची जुनी खोली सोडावी लागली तेव्हा हस्तलिखित अंक त्या किल्ल्याच्या गावी, तिथल्या साहित्य संग्रहालयाला दिले होते. आपला अंक तिथे काचेत ठेवलाय म्हणे. तुम्ही लहान मुलीसारख्या हरखलात.

"चल न मंदा, जाऊन येऊ."

"काय करायचंय तिथे? आपणच लिहिलेलं आपणच काय बघायचं?"

"मला काही बघायचं नाही. माझं पाठ आहे. तुला दाखवायचंय."

त्या वाक्याने माझं धाबं दणाणलं. मला वाटलं, माझा गुन्हा आता काचेखाली उभा करून तुम्ही मला त्याच्यासमोर नेणार. म्हणून गुडघे, म्हणून गाजरं, म्हणून माकडं. एक हिवाळा तुम्ही जरा चिडूनच म्हणालात, "मी गेल्यावर जाशील तू. आणि मग माझ्यावरच चिडशील." मी म्हटलं, "अशुभ बोलू नका." तो वाद तिथेच राहिला.

तुम्ही गेलात त्या दिवशी सकाळी तुमच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा जुईने गाडी काढली. तुम्हाला मागच्या सीटवर बसवलं. मी पुढे बसणार, तेवढ्यात तुम्ही काच खाली केलीत. चेहरा पांढरा पडला होता, पण डोळ्यात तोच खोडकरपणा. "मंदा, कोथिंबीर आणायला चालले ग."

आणि मी काय म्हटलं? "लवकर या." सवयीने. मी सोबतच येणार होते, तरी तेच म्हटलं. विमलताई, त्या वेळी सांगायला हवं होतं. दवाखान्याचा रस्ता दहा मिनिटांचा होता, तेवढा पुरेसा होता. "ताई, मीच बदलला," तीन शब्द. त्याऐवजी मी आधार कार्ड घेतलंय की नाही ते पर्समध्ये बघत होते. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

तर किल्ला. मझौलीवरून पुढे जायचं, एवढंच सांगते. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळं मंडळ टेम्पो करून तिकडे जाईल आणि काचेला बोटं लावेल. किल्ला म्हणजे चार बुरुज, एक भलामोठा दरवाजा आणि दरवाज्यापाशी खारे शेंगदाणे विकणारा भैया. गाव त्या भिंतीला टेकून बसलंय, जसं उन्हाला म्हातारी बसते. आणि माकडं खरंच आहेत! मी इतकी वर्षं खोटं समजून सांगत होते ते खरं निघालं. एकाने जुईच्या हातातली शेंगदाण्यांची पुडी नेली. मला वाटलं, तुम्हीच पाठवलंय.

वर दोन खोल्यांचं संग्रहालय. पहिल्या खोलीत कुठल्यातरी राजाचा पलंग आणि गंजलेली तोफ, दुसरीत साहित्य. कवींचे चष्मे, दौती, एकाची काठी, पिवळी पत्रं. सांभाळणारे एक रिटायर्ड मास्टरजी, मफलरमध्ये गुंडाळलेले. आपला अंक कोपऱ्यातल्या पेटीत. खाली हिंदीत चिठ्ठी, 'मराठी महिलाओं की हस्तलिखित पत्रिका. सुंदर लिखावट.' खोटं कशाला बोलू, ताई, क्षणभर मी फुशारले. बावीस वर्षांची मंदा आतून मान वर करून बघायला लागली. चौथं प्रशस्तिपत्रक!

पान मात्र लोणच्याच्या कृतीचं उघडलेलं होतं.

"मास्टरजी, ज़रा खोलिए न," मी म्हटलं.

"अम्माजी, छूना मना है."

"भैया, ये मैंने ही लिखा है. पचास साल पहले छू-छूकर ही लिखा था."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग अक्षराकडे, मग माझ्या थरथरणाऱ्या हाताकडे. विश्वास बसला नसावा. मी शेजारच्या कागदावर 'लोणचे' लिहून दाखवलं. माझा ण अजून तसाच आहे, शेपटी वर गेलेला. मास्टरजी हसले, किल्ली काढली. "आप मत छुइए. बिटिया पलटेगी."

जुईने पानं उलटली. तुमची गोष्ट आली. माझा शेवट आला, डोळे पाणावलेला. मी पर्सवर हात ठेवला. पर्समध्ये प्लॅस्टिकच्या पिशवीत तुमचं सातवं पान होतं. बेत असा होता की मास्टरजींची नजर चुकवून ते तिथे सरकवून द्यायचं आणि शेंगदाणे खात घरी यायचं. म्हातारपणीही अक्कल बेताचीच.

"आजी, पीछे भी कुछ है," जुई म्हणाली. "सबके साइन हैं."

अभिप्रायांची पानं. ती मी कधी बघितलीच नव्हती. वही आपल्या घरी आली त्याच दिवशी मी ती पुढच्या घरी धाडली होती, "मीच उतरवलीय, मला काय वाचायचं" म्हणून. खरं कारण असं, की तुमच्या हातात ती पडू नये. तुम्ही ती तुमच्या शाळेतल्या एका बाईंच्या घरी बसून वाचलीत, हे मला त्या पेटीपाशी कळलं, कारण तुमचा अभिप्राय त्यांच्या सहीच्या खाली आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी फिकी शाई मला दिसत नाही. जुई वाचायला लागली. तिला मराठी कळतं, वाचताना अडखळते. बोट ठेवत, एकेक शब्द.

"अक्षर सु-रेख. गोष्ट माझी, पण शेवट माझा नाही. तोही वाईट नाही, रडू फार आहे. ज्या बाईने लिहिला तिने... पुढच्या अंकात स्वतःच्या नावाने लिहावं. मी वाट बघते. विमल."

मी पेटीची कड धरली.

"आजी, ये तो अपनी विमलआजी का है न? नीचे और भी है. विमलताईंशी सहमत. रडू कमी करावे." जुईला हसू आलं. "आम्हीही वाट बघतो. फिर, कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण नाव घ्यायचं नाही असं विमलताईंनी बजावलंय. और ये लास्ट वाला..."

शेवटची सही सदरच्या मावशींची होती. भोपाळच्या मुलाची मावशी. त्यांनी लिहिलं होतं, "आधीचा शेवट वाचायला मिळाला असता तर आवडलं असतं."

म्हणजे जिच्या भीतीने मी तुमच्या मुलीला स्टेशनवरून ओढून आणली, तिला ती गाडीत बसलेलीच बघायची होती. आणि राइट टाउनपासून सदरपर्यंत प्रत्येक मराठी घराला ठाऊक होतं की मंदाने शेवट बदलला. मी हळदीकुंकवाला मिरवत होते, त्या मला अत्तर लावत होत्या, ठाऊक असून. तुम्ही सगळ्यांना गप्प केलं होतंत. ठाऊक नव्हतं एका मलाच की सगळ्यांना ठाऊक आहे. तुला दाखवायचंय, म्हणाला होतात. हे दाखवायचं होतं. तुम्ही गोष्ट मागे ठेवून मला जागा करून दिली होतीत आणि वाट बघत होतात. मी पुढच्या अंकात लिहिलं नाही. त्याच्या पुढच्यातही नाही. मी खोटं सांभाळत बसले आणि तुम्हाला वाटत राहिलं, बहुतेक हिला लिहायचंच नाही. कदाचित म्हणूनच तुम्हीही... माहीत नाही. आता कोणाला विचारू?

"किसने बदला था, आजी?" जुईने विचारलं.

जिभेवर ते तयारच होतं, विमलताई. शब्दशः उतरवलं, तिनेच तसं लिहिलं होतं. पन्नास वर्षांची सवय. तोंड उघडलंसुद्धा.

"मी," म्हटलं. "मीच ग."

"पर क्यों?"

"बावीस वर्षांची होते. आणि अक्षर चांगलं होतं."

मास्टरजींनी स्टूल पुढे सरकवलं. मी बसले आणि त्या राजाच्या पलंगाशेजारी, तोफेच्या साक्षीने, पोटभर रडले. रडू फार झालं, ठाऊक आहे. तुमचा अभिप्राय लक्षात आहे.

मग पर्समधलं पान काढून मास्टरजींना दाखवलं, हे वहीत लावून घ्याल का विचारलं. त्यांनी ते उजेडाकडे धरलं, मराठी कळत नव्हतं तरी वरपासून खालपर्यंत बघितलं. "अम्माजी, इसके लिए आवेदन देना पड़ेगा. समिति बैठेगी." समिती बसेपर्यंत मी बसलेली असेन की नाही कोण जाणे. पान परत पिशवीत ठेवलं. येताना गाडीत जुई म्हणाली, "आजी, मैं टाइप कर देती हूँ, दो मिनट में." मी नको म्हटलं. गुन्हा हाताने केला होता.

तुमच्यावर चिडले का? चिडले. तुम्ही म्हणाला होतात तसं. ओट्यापाशी मला कान धरून सांगायला काय झालं होतं, मंदा, तू लिही? अभिप्रायाच्या पानावर कोण असं लिहून ठेवतं? पण मला ठाऊक आहे, तुम्ही सांगितलं असतं तर मी आणखी एक खोटं बोलले असते.

तर सेक्रेटरीबाई, ही घ्या दोन पानं, थोडी वाढली आहेत. पुढचा अंक म्हणायला जरा उशीरच झाला. पण स्वतःच्या नावाने लिहिलंय: मंदा, राइट टाउन. शेवट मी बदलला होता.

आणि खाली विमलताईंचं सातवं पान आहे. तीन दिवस लागले उतरवायला, हात कापतो म्हणून. या वेळी शब्दशः. दुसऱ्या ओळीत एक स्वल्पविराम द्यावासा फार वाटला. दिलेला नाही.

"गाडी हलली तेव्हा तिच्या लक्षात आलं की कोथिंबिरीची जुडी अजून हातातच आहे. समोरच्या बाकावरची म्हातारी तिच्याकडे आणि जुडीकडे आळीपाळीने बघत होती. 'कहाँ जा रही हो, बेटी?' तिने विचारलं. घराकडे जाणारा रस्ता थोडा वेळ रुळांच्या बाजूने धावला आणि मग वळून गेला. पोह्यांचं काय होईल, असं तिच्या मनात आलं. कोथिंबिरीवाचून काही अडत नाही. 'अजून ठरवलं नाही,' ती म्हणाली आणि जुडीचा दोरा सोडून मांडीवर पानं निवडायला लागली."